भैरोबाचा होकार

आमच्या गावचा भैरोबा कुणालाच नाही म्हणत नाही. हे आम्हाला कळलं तेव्हा म्हैस विकून झाली होती.

गाव श्रीगोंद्याजवळचं. देवळात गाभाऱ्यासमोर एक गोल, गुळगुळीत गोटा आहे. मोठा निर्णय घेण्याआधी माणूस त्यावर दोन्ही हात टेकून बसतो आणि विचारतो. गोटा उजवीकडे वळला तर हो, डावीकडे वळला तर नाही. आई गेल्यावर तात्या, म्हणजे माझे वडील, गावी एकटे पडले. मी तेव्हा नगरला एका दैनिकात उपसंपादक होतो. "आमच्याकडे चला," म्हटलं. तात्या म्हणाले, "देवाला इच्यारतो."

गोटा उजवीकडे वळला. तात्यांनी म्हैस विकली, शेत वाट्यानं दिलं, घराला कुलूप घातलं.

(तात्या देवळाबाहेर चपला घालत होते, तेवढ्यात मीही गोट्यावर हात ठेवून विचारून घेतलं : नोकरी सोडून स्वतःचं साप्ताहिक काढू का? उजवीकडे. अंधश्रद्धेच्या बातम्यांना आयुष्यभर मथळे देणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.)

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तात्या गॅलरीत बसून राहायचे. धारेची वेळ झाली की उठायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे. जेवण निम्म्यावर आलं. शेवटी माझी बायको वैशाली म्हणाली, "तात्या, करमत नसेल तर जा ना गावी. कुणी अडवलंय?"

"देवानं धाडलंय, पोरी. त्याच्या शब्दाभाईर कसं जाऊ?"

"मग त्यालाच विचारा परत."

आम्ही तिघे गावी गेलो. तात्यांनी हात टेकले. "देवा, माघारी येऊ का?" गोटा उजवीकडे वळला. तात्यांचा चेहरा उजळला.

तिथेच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या बाजूची खातरजमा केल्याशिवाय बातमी सोडायची नाही, ही माझी जुनी खोड. मी बसलो आणि उलटा प्रश्न विचारला. "तात्यांनी नगरलाच राहावं का?"

उजवीकडे.

वैशालीने मला बाजूला सारलं. "ह्यांनी नोकरी सोडली ते बरं केलं का?"

उजवीकडे.

"आता मात्र माझा विश्वास उडाला," ती म्हणाली.

बाळू गुरव खांबाला टेकून हे सगळं पाहत होता. त्याने तांब्यातलं पाणी गोट्याजवळ ओतलं. पाणी उजवीकडे निघालं आणि थेट मोरीत गेलं.

"जीर्णोद्धारात नवी फरशी बसवली नव्हं? अभिषेकाचं पानी साचायचं, म्हनून ढाळ दिलाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुनी इच्यारलं? ढाळ दिल्यापास्नं कुनी नाराज हून गेलं न्हाई. देवाम्होरं वाहत्यात ते तांदूळबी दुप्पट झालं."

तात्यांनी त्या ओल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "फरशी कवा बसवली रं?"

"गेल्या जत्रंच्या आदी."

"मंजी तुझी वहिनी आजारी पडायच्याबी आदी."

बाळूने तांब्या खाली ठेवला.

"ती बरी हुईल का, म्हनून इच्यारलं हुतं मी," तात्या माझ्याकडे वळले. "देव व्हय म्हनला आन् ती गेली. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं. उपासात, न्हाईतर नवसात."

वैशालीने डोळ्यांना पदर लावला.

"चुकली ती फरशी," तात्या म्हणाले. "देव खोटं बोलला न्हाई." त्यांनी गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. मग बाळूला विचारलं, "आमची म्हस कुनाच्या गोठ्यात हाय आता?"

तात्या त्या दिवसापासून गावीच राहिले. गोट्याला न विचारता. म्हैस परत मिळाली नाही. तिची पारडी मिळाली. ती अजून दूध देत नाही, पण तात्या धारेच्या वेळी तिच्याजवळ जाऊन बसतात.

माझ्या साप्ताहिकाचा दुसरा अंक निघाला नाही. मी जुन्या संपादकांकडे गेलो आणि विचारलं, "परत येऊ का?"

ते नाही म्हणाले. त्यांच्या केबिनची फरशी अगदी सपाट आहे.