शिंगटे सरांचं नाव काढा

शिंगटे सरांच्या फोटोला हार घातलेली एक पोस्ट फिरतेय. ती बघून मला किळस आली.

सर परवा सकाळी साताऱ्यात गेले. हार्ट अटॅक. दुपारी माहुलीला अग्नी दिला. आम्ही घरी परतेपर्यंत त्या लॉ जर्नलची पोस्ट आलीसुद्धा.

"आमच्या परीक्षक मंडळाचा आधारवड हरपला."

आधारवड म्हणे! लाज कशी वाटत नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सांगलीत लॉ शिकवते. मला साताऱ्यात शिकवलं ते शिंगटे सरांनी. रिटायर झाल्यावर सर त्या जर्नलला आलेले पेपर तपासून द्यायचे. पीअर रिव्ह्यू म्हणतात त्याला.

पद्धत साधी आहे. संपादकाने पेपरवरचं नाव काढायचं आणि त्या विषयातल्या दोघांकडे पाठवायचा. लेखक कोण हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, परीक्षक कोण हे लेखकाला. छापा, दुरुस्त करा किंवा परत पाठवा, यातलं एक सांगायचं आणि का ते लिहायचं.

पण आपल्याकडे संपादकाचा फोन येतोच, लेखकाच्या नावासकट. "सर, तो पेपर आपल्याच माणसाचा आहे बरं का."

सर तिथल्या तिथे उखडायचे. "झालं! आता नाव सांगितलंसा. आता ह्यो मी तपासत न्हाई. दुसऱ्याला द्या."

आमच्या काकू, सरांच्या मिसेस, आतून म्हणायच्या, "आवं, नाव ऐकून काय बाधा झाली का तुमाला?"

"व्हय, झाली," सर म्हणायचे, आणि खरंच पेपर परत पाठवायचे.

गेल्या वर्षी धरणग्रस्तांच्या जमिनीवरचा एक पेपर आला. अख्खा पेपर सुप्रीम कोर्टाच्या एका निकालावर उभा. सरांना तो निकाल काही आठवेना. कोयनेच्या धरणग्रस्तांचे खटले त्यांनी आयुष्यभर शिकवलेले.

कॉलेजच्या लायब्ररीत गेले. पेपरात दिलेला निकालांचा खंड काढला, दिलेलं पान उघडलं.

तिथे भाडेकरूची केस होती.

एआयने रचून दिलेला निकाल! पक्षकार, साल, न्यायमूर्ती, सगळं झकास. फक्त असा निकाल कधी लागलाच नव्हता.

सरांचा मला फोन. "अगं, जन्माला न आलेल्या पोराचं बारसं घातलंय ह्यांनी!"

त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं: हा निकाल अस्तित्वात नाही, पेपर छापू नये.

लगेच संपादकांचा फोन. पेपर एका प्राचार्यांचा होता, त्यांचं प्रमोशन त्यावर अडलं होतं. जरा सांभाळून घ्या.

"नाव आदी सांगितलं असतंसा तर हातच लावला नसता," सर म्हणाले. "पण आता ह्यो वाचून झालाय. निकाल न्हाई म्हंजी न्हाई. छापू नका."

"बरं सर."

आणि छापला.

दुसऱ्या परीक्षकाने 'उत्तम' असं एका शब्दात कळवलं होतं म्हणे. दोघांचं जुळलं नाही की पेपर तिसऱ्याकडे जायला हवा. इथे तिसरे कोण? संपादक स्वतःच! वर अंकाच्या पहिल्या पानावर परीक्षक मंडळात शिंगटे सरांचं नाव ठळक.

तो अंक वडूजच्या एका वकिलाच्या हातात पडला. सरांचाच विद्यार्थी. त्याने तो निकाल एका धरणग्रस्त बाईच्या केसमध्ये कोर्टापुढे ठेवला.

समोरच्या वकिलाने तिथेच उघडं पाडलं. जज्जसाहेबांनी सरांच्या विद्यार्थ्याला भर कोर्टात झापलं आणि त्या बाईचा जमिनीचा अर्ज फेटाळला.

तो सरांकडे येऊन रडला. "सर, तुमचं नाव हुतं आत. म्हणून मी मूळ निकाल काढून बघितला न्हाई."

सर त्या दिवशी खचले. जेवणावरून उठायचे, एकच बोलायचे, "माझ्या नावावर त्या बाईची जमीन गेली गं."

मग त्यांनी संपादकांकडे एकच गोष्ट मागितली. यादीतून माझं नाव काढा.

"वेबसाइटवाला पुण्याला असतो, सर."

"पुढच्या अंकात नक्की."

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे."

आणि एकदा तर हसत, "सर, किती मनाला लावून घेता? वाचतंय कोण?"

ओकारी येते मला या वाक्याची. कुणी वाचणार नाही या भरवशावर काहीही छापायचं, आणि वर 'पीअर रिव्ह्यूड' म्हणून शिक्का मारायचा. सगळ्यांना प्रमोशनं मिळतात. झळ बसते ती कुठल्यातरी लांबच्या बाईला.

आज सकाळी संपादक घरी आले. मी तिथेच होते. त्यांनी डोळे पुसले, दोन मिनिटं बसले, मग म्हणाले, "वहिनी, पुढचा अंक सरांना अर्पण करतोय. एखादा चांगला फोटो मिळाला तर..."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदा नीट बोलल्या.

"फोटो ऱ्हाऊ द्या. तुमी त्येंचं नाव काढणार हुतासा. त्येवढं काढा."

"आता ते गेल्यावर नाव काढणं बरं दिसणार नाही, वहिनी."

"ते हुते तवा तरी कुठं बरं दिसत हुतं तुमाला?"

संपादक चप्पल घालून निघून गेले.

दुपारी मी जर्नलची वेबसाइट उघडली. म्हटलं, काकूंचं बोलणं लागलं असेल, माणूस आहे शेवटी.

यादीत बदल झाला होता. वेबसाइटवाला पुण्याहून सापडला होता, टेक्निकल प्रॉब्लेमही सुटला होता.

सरांचं नाव तिथेच आहे. आधी 'कै.' लावलंय.

सर, तुम्ही निवांत जा. ते नाव निघेपर्यंत मी ह्यांना सोडत नाही.

तुमची विद्यार्थिनी,
वैशाली