शेंदराखालची मूर्ती

ते प्रकरण आठवलं की अजूनही मला स्वतःचाच राग येतो. सत्तरच्या दशकात मी खाप्याच्या बाजूला, कन्हानकाठच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका गावाबाहेर टेकडीवर विटांचं पडकं देऊळ होतं. हातभर लांब विटा, दाराच्या दगडी चौकटीवर कमळं, चौकाभोवती माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या खोल्या आणि गाभाऱ्यात शेंदराने माखलेली मूर्ती. गाव तिला माय म्हणायचं, नवरात्रात ओटी भरायचं. वस्तीतला एक म्हातारा मात्र रोज तिथे झाडू मारायचा आणि येईल त्याला सांगायचा, "ही माय नाही, बुद्ध आहे. हा विहार होता." त्यावरून त्याचं गावाशी वाजलेलं.

एका सकाळी मूर्ती गायब झाली. पोलीस पाटलाने फिर्याद दिली आणि संशयित म्हणून म्हाताऱ्याचंच नाव घेतलं. मी पंचनाम्यात लिहिलं, 'शेंदूर लावलेली देवीची मूर्ती, उंची अंदाजे दोन हात.' म्हाताऱ्याला कोठडीत बसवलं.

"साहेब, मी नेली असती तं लपवली काहून असती? साऱ्या गावाले दाखवली असती!"

बोलणं बिनतोड होतं. मला ते उद्धट वाटलं. मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. खोटं कशाला सांगू, तेव्हा आम्ही तपास असाच करायचो.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरचा पानवाला, आमचा जुना खबरी, धावत आला. "साहेब, सावनेर रोडले एक ट्रक उभा आहे. गोणपाटात दगडाचं काहीतरी बांधून राहिले."

आम्ही ट्रक गाठला, गोणपाट सोडलं. आत काळ्या दगडाचा, घासूनपुसून लख्ख केलेला बुद्ध. मांडी घातलेला, बैठकीवर चक्र आणि दोन हरणं. रॉकेलचा वास येत होता. मूर्ती नवी घडवल्याची एका कारागिराची चिठ्ठी ड्रायव्हरने पुढे केली.

"साहेब, आपल्याले तं देवी पाहिजे," हवालदार म्हणाला.

मी टेप लावली, पंचनामा उघडला. उंची जुळत होती. पण देवी नव्हती, शेंदूर नव्हता. रॉकेलने शेंदूर उतरतो हे माझ्या बायकोनेसुद्धा सांगितलं असतं! मी म्हणालो, "जाऊ द्या."

दुपारी म्हाताऱ्याला पुन्हा समोर घेतलं. "बुद्ध, बुद्ध करतोस, कशावरून रे?"

"माह्या बापानं पाह्यलं होतं, साहेब. एकदा शेंदराची खोळ आपसूक गळून पडली. खाली बैठकीवर चक्र निघालं, अन् दोन बाजूले दोन हरणं. दुसऱ्याच दिवशी गावानं पुन्हा शेंदूर थापला."

मी ताडकन उठलो. बिनतारी संदेश पाठवले, जीप पिटाळली. ट्रक कधीच मध्यप्रदेशच्या हद्दीत गेला होता. ती मूर्ती पुढे कुठेच सापडली नाही. नंतर नागपूरहून एक प्राध्यापक आले, त्यांनी विटा मोजल्या, खोल्या पाहिल्या. त्या भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, म्हणाले, देऊळ बौद्धांचंच, हजार वर्षांहून जुनं. म्हणजे आख्ख्या हद्दीत खरं बोलणारा माणूस एकच, आणि मी त्यालाच कोंडलं. पंचनाम्यात डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, लोक म्हणतात ते नाही, हे मी पुढे प्रत्येक नव्या पोराला शिकवलं. पण शिकलो ते दुसऱ्याच्या नुकसानीवर.

ट्रक निसटला त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याला सोडताना मी त्याच्यापाशी सगळं कबूल केलं. वाटलं, शिव्या देईल. तो बाकावर बसला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मी जलमभर झाडलं, पण शेंदूरच पाह्यला. तुम्ही तं तोंड पाह्यलं. कसं होतं जी?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला टेपवरचा आकडा तेवढा आठवत होता.