बंदुकवाल्याचा नातू

तोंडात खारं पाणी गेलं आणि पायाखाली काही लागेना. जपानात उरायासुच्या बंधाऱ्यावरून मी समुद्रात घसरले होते. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने दोर बांधलेली बादली फेकली आणि मला ओढून काढलं.

मी हात जोडले, तर तोच कमरेत वाकून माझे आभार मानू लागला. धावत आलेल्या माझ्या सुनेने त्याचं बोलणं मराठीत सांगितलं.

"आई, यांचे आजोबा इंग्रजांच्या मुलखात बोटीने चोरून बंदुका नेत. गस्तीची बोट आली तेव्हा ते पाण्यात पडले. त्या बोटीवरच्या इंडियन खलाशानेच त्यांना वर काढलं."

"तो माझा कोणी नव्हे," मी म्हटलं. सुनेने ते त्याला सांगितलं.

"मग आभार कोणाचे मानू? तुम्हीच भेटलात," म्हातारा हसला.

आजोबांना तुरुंग झाला, पण ते जगले. मीही जगले.