मोज्यातलं माऊथगार्ड

अकरावीत असताना हॉकीच्या सरावात माझा वरचा पुढचा दात पडला. चेंडू मारला होता माझ्या मैत्रिणीने.

आम्ही दोघी विजय नगरात एकाच गल्लीत राहायचो आणि सहावीपासून एकत्र खेळत होतो. तिच्या घरी हिंदी, आमच्याकडे मराठी. मी नववीत असताना आई गेली. बाबा मुळातच कमी बोलणारे, त्यात कारखान्याची ड्यूटी. त्यामुळे मला जे काही बोलायचं असायचं, ते सगळं तिच्यापाशीच.

त्या वर्षी सरांनी आम्हा सगळ्यांना माऊथगार्ड घ्यायला लावलं होतं. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचं. ते घातलं की बोलणं बोबडं व्हायचं, लाळ यायची. मी बचावात खेळायचे. पेनल्टी कॉर्नरला सगळ्यांच्या आधी चेंडूवर धावून जायचं आणि मागच्या मुलींना ओरडून सांगायचं, हे माझं काम. म्हणून मी ते काढून मोज्यात खोचून ठेवायचे. सर जवळ आले की परत तोंडात.

त्या दिवशी सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलींना शिकवत होते. मैत्रिणीने चेंडू मारला, मी धावले, चेंडू माझ्याच स्टिकला लागून वर उसळला. डोक्याच्या आत टक् असा आवाज झाला, आणि तोंड रक्ताने भरलं. कुणीतरी मातीतून दात शोधला, नळाखाली घासून स्वच्छ धुतला आणि रुमालात बांधून दिला. सरांनी मला घरी सोडलं. बाबा ड्यूटीवरून आल्यावर आम्ही शहरातल्याच गोरखपूर भागातल्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी रुमाल सोडला आणि दात दिव्याखाली फिरवून बघितला. मग म्हणाल्या, पडलेला दात बाहेर दिसणाऱ्या बाजूने धरायचा असतो, मूळ घासायचं नसतं, दुधात ठेवून लगेच आणायचा असतो. तसं झालं असतं तर कदाचित परत बसवता आला असता.

"दूध तो हर घर में होता है, बेटा," त्या हळूच म्हणाल्या.

जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत पक्का दात बसवता येणार नव्हता. तोवर काढता-घालता येणारा खोटा दात.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "ते रबराचं काहून नव्हतं घातलं?"

घातलं होतं, चेंडू लागला तेव्हा निसटलं, असं मी सांगितलं. सरांनाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माऊथगार्ड धुऊन माझ्या ब्रशशेजारी ठेवलेलं होतं. मोजे बाबाच धुवायचे. त्यांनी परत काही विचारलं नाही.

पण सरांनी माझं खरं मानलं. माऊथगार्ड उडून पडेल इतक्या जोरात आणि वर चेंडू मारला, असं म्हणून त्यांनी मैत्रिणीला पुढच्या स्पर्धेच्या संघातून काढलं. ती एक अक्षर बोलली नाही. आठवड्याभराने तिने मैदानावर येणंच सोडलं.

ती शाळेत दिसायची. मी वाट बदलायचे. डबाही जिन्याखाली एकटीच खायचे, कारण जेवताना खोटा दात काढावा लागे. 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची, म्हणून वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. घरी बाबा पेपर वाचायचे, मी समोर बसून पुस्तक. कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघं एवढंच बोललो असू, की पोळी घे, आणि पुरे.

बारावीची परीक्षा संपली त्या दुपारी मी तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं.

"वो मोज़े में था," मी म्हणाले. "मैंने झूठ बोला था."

"मुझे पता है. मैंने देखा था."

मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ती दाराच्या कडीशी चाळा करत राहिली.

"तेरा दाँत गया था," ती म्हणाली. "मैं क्या बोलती?"

तिने मला आत बोलावलं नाही. मीही थांबले नाही. तिथून सरळ मैदानावर गेले आणि सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मग म्हणाले, मीच तेव्हा नीट विचारायला हवं होतं. त्यानंतर खेळ सुरू व्हायच्या आधी ते प्रत्येक मुलीला ओठ वर करून माऊथगार्ड दाखवायला लावू लागले. मैत्रिणीला परत बोलवायला ते स्वतः तिच्या घरी गेले होते. तिने नाही म्हटलं. पुढे ती शिकायला इंदूरला गेली.

आता माझा दात पक्का आहे, कुणाला सांगूनही खोटा वाटत नाही. रविवारी मी लहान मुलींचा सराव घेते. मैत्रिणीला दिवाळीला निरोप पाठवते. तिचं उत्तर येतं, दोन शब्दांचं, नीट आणि वेळेवर. त्यापुढे काय लिहावं, हे मला अजून सुचलेलं नाही.