कलमांचे पाणी

ठाण्यातील माझ्या चाळीत तेव्हा पाच बिऱ्हाडे होती आणि नळ एकच. पाणीपट्टी मी माणशी वाटून घेत असे. कडेच्या खोलीतला कारकून, घरी पाहुणा आला तरी, आपणहून सांगे, "अण्णा, मेहुणी राहायला आलीय. या वेळी आमचं एक माणूस जास्त धरा." नळ बंद केल्यावर तोटीखाली तळवा धरून थेंब गळत नाही ना, हे पाहिल्याशिवाय तो हलत नसे.

एका उन्हाळ्यात बिल दुप्पट आले. भाडेकरू माझ्या ओट्यावर जमले. कारकुनाच्या घरी बाळंतीण होती. सर्वांचा रोख त्याच्याकडे वळला.

"दिवसभर दुपटी धुतात हो! खोली रिकामी करायला सांगा यांना," शेजारीण म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिले. परसातल्या आंब्याच्या कलमांना मी पहाटे त्याच नळाचे पाणी सोडत असे. पाणी सोडताना त्याने मला दोनदा पाहिले होते. मी हातातल्या बिलाची घडी घालू लागलो.

"बाळाला पाणी लागतंच," तो हळू म्हणाला. "यापुढं जपून वापरू."

दुसऱ्या सकाळी तो दुपटी खळबळलेले पाणी बादलीने माझ्या कलमांना घालत होता.

"राहू द्या," मी म्हणालो.

"असू दे, अण्णा. तुम्हाला पहाटे उठायला नको," तो मान वर न करता म्हणाला.

पुढचे बिल निम्म्यावर आले.

"बघा अण्णा, बोललो तेव्हा सुधारले!" शेजारीण म्हणाली.

तो शेजारीच उभा होता. मी मान डोलावली.