दसऱ्याचं टायर पॉलिश

टायरला पॉलिश लावण्यात शिकण्यासारखं फार काही नाही. टायर आधी साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासायचा, पूर्ण वाळू द्यायचा. स्पंजवर थोडंसं पॉलिश घेऊन फक्त बाजूला फिरवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. टायर रस्त्याला टेकतो त्या भागाला ते लागू द्यायचं नाही. हे सगळं मला त्या दसऱ्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आलो, म्हणून आधी हेच लिहून ठेवतो.

आम्ही निरगुडसरचे. मी पुण्यात कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी घेऊन गावी परतलो. धाकटा भाऊ गावातच राहिला होता. शेती बघून तो मंचरपर्यंत वडापची जीप चालवायचा. बाजाराला जाणाऱ्या बायका दुसऱ्या जीप सोडून त्याच्या जीपची वाट बघत थांबायच्या, कारण तो गाडी हळू चालवायचा आणि तोंडही सांभाळायचा. माझ्या गाडीचाही खरा ड्रायव्हर तोच. मी गाडी पुसायचो, तो चालवायचा.

त्या वर्षी समोरच्या घरात नवी उंच गाडी आली. दसऱ्याला पूजेसाठी दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या राहणार होत्या. माझ्या गाडीचे टायर करडे पडले होते, बारीक चिराही दिसत होत्या. भाऊ गणपतीपासून मागं लागला होता की टायर बदला. मी म्हणत होतो, दसरा होऊ दे.

त्याच सुमारास जुन्नरला एका सोयरिकीच्या बोलणीला गेलो होतो. तिथं बाजारपेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात शिरलो. दुकानदाराचे आजोबा मारवाडातून आलेले, पण हा बोलायला आमच्यातलाच. त्यानं दोन बाटल्या पुढं ठेवल्या. एक दुधासारखं पांढरं, पाण्यातलं. त्यानं टायर नव्यासारखा काळा दिसतो, पण चमकत नाही. दुसरं तेलासारखं दाट. ते आरशासारखं चमकतं आणि धूळही धरतं. रोजच्याला पांढरं बरं, असं तो म्हणाला. दसऱ्याला उठून दिसेल असं कुठलं, असं मी विचारलं. त्यानं हसून दाट बाटली पिशवीत घातली.

"फक्त येवढं ध्यानात ठेवा काका, हे चेहऱ्याला लावायचं. तळपायाला नाय."

दुकानातले दोघंतिघं हसले. मीही हसलो.

दसऱ्याच्या सकाळी भाऊ जीप घेऊन गेला होता. मी एकट्यानं टायर घासले, बाजूंना पॉलिश लावलं आणि चार पावलं मागं जाऊन बघितलं. बाजू झळझळत होत्या. पण आमच्याकडं हळदकुंकू लावतात ते टायरला पुढून, आणि लिंबूही पुढूनच चाकाखाली ठेवतात. पुढून दिसत होती ती राखेसारखी करडी, जुनी नक्षी. बैलपोळ्याला बैल रंगवतो तेव्हा काय रस्त्याकडचं एकच शिंग रंगवतो? पूजेचं चाक अर्धं कोरं ठेवू नये, असं मनाशी म्हणालो आणि फडकं पुढच्या भागावर फिरवलं. मग गाडी थोडी ढकलून उरलेल्या भागावर. चारही टायरना दोन दोन हात दिले आणि पुसलं काहीच नाही. दुकानदाराचं बोलणं फडकं फिरवतानाही आठवत होतं. रस्त्याला लागल्यावर घासून जाईल, अशी समजूत काढली.

पूजेच्या वेळी समोरच्या घरचा मालक येऊन गाडीभोवती फिरला. "राव, टायर बदलले का काय?"

"बदलले," मी म्हणालो.

भाऊ नुकताच परतला होता. तो हातपाय धूत होता, त्याला हे ऐकू गेलं नाही.

आमची बहीण दसऱ्याला आली होती. ती माझ्याहून धाकटी, भावाहून मोठी. तिला महाळुंगे पडवळला सासरी पोचवायला दुपारी भाऊच गाडी घेऊन निघाला. गावाबाहेर कालव्याच्या वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. यानं ब्रेक दाबला, पण गाडी वळलीच नाही. सरळ घसरत खड्ड्यात गेली आणि कलंडली. त्याला खरचटलं. बहिणीच्या मांडीचं हाड मोडलं. ती आजही काठी घेऊन चालते.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून घरी आणली तेव्हा सगळे दवाखान्यात होते. मी नळाखाली बसून चारही टायर साबणानं घासून काढले. शेजारून बघणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा चिखल धुतोय. पुढच्या आठवड्यात मंचरला नवे टायर बसवले. म्हणजे मी पूजेच्या वेळी बोललो होतो ते आता खरंही झालं.

गावानं हिशेब सोपा केला. टायर नवे, रस्ता कोरडा, ड्रायव्हर जुना. मग दसऱ्याची घेतली असणार. माझ्या भावानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. डेअरीवर लोकांनी मला विचारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "आता काय बोलायचं, भाऊ आहे माझा." उघड आरोप केला असता तर कुणीतरी त्याची बाजू घेतली असती. या वाक्यानंतर कुणी घेतली नाही. बायका दुसऱ्या जीपमध्ये बसायला लागल्या. काही दिवस तो रिकामी जीप घेऊन जात-येत राहिला, मग ती विकली आणि कांद्याच्या रानात पाणी धरू लागला. बहिणीनंही त्याच्याशी बोलणं सोडलं.

यंदाच्या दसऱ्याला आम्ही दोघं गाडी धूत होतो. धुवायला तो यायचा, पण चालवायला बसायचा नाही. पाण्याचा पाइप त्याच्या हातात होता. मी टायर घासता घासता मान वर न करता सगळं सांगून टाकलं. पाणी एकाच चाकावर पडत राहिलं.

"मला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "गाडीतनं निघालो तवा वरच्या चाकाला धरून उभा राहिलो. दोनी हात काळे बुळबुळीत झाले. नव्या सदऱ्याला पुसले. हिनं लई घासला, डाग न्हाई निघाला."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर भावावर ढकलतोय म्हणले असते." त्यानं पाइप दुसऱ्या चाकाकडं वळवला. "तुमी बोलायची वाट बघत व्हतो. आता आक्काला तरी सांगा, दादा. दिवाळीला माझ्याकडं पाठ करून बसती."

दुसऱ्याच दिवशी बहिणीकडं गेलो. तिच्या सुनांदेखत सांगितलं. तिनं काठी मांडीवर आडवी घेऊन ऐकलं. मग भाऊ आलाय का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "त्याला लावून दे. तू आता कशाला थांबतोस?"

तो गेला. तिथं काय बोलणं झालं, मला दोघांनीही सांगितलं नाही. पण यंदा भाऊबीजेला तिनं त्याला पहिलं ओवाळलं.

राहिलं गाव. डेअरीवर सकाळची गर्दी होती तेव्हा मी सगळं सांगितलं. पॉलिश, टायरबद्दल बोललेलं खोटं, साबण, सगळं. लोकांनी कॅन खाली ठेवून ऐकून घेतलं. समोरच्या घरचा मालकही होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आता, राव. मी सवता बघितले व्हते त्या दिशी, टायर नवेकोर व्हते. या वयात धाकट्याचं नाव धुवायला बघताय. भाऊ असावा तर असा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं मला बसायला जागा करून दिली. मी पुन्हा सांगायला लागलो, तर कुणीतरी चहा मागवला.

म्हणून हे लिहिलं. टायर जुने होते. पॉलिश मी लावलं होतं, तळव्यालाही. माझा भाऊ प्यायलेला नव्हता.