आश्रुबांचं शेवटचं कडवं

आश्रुबा रेल्वेत गँगमन होते. पिंगळी स्टेशनच्या दोन्ही बाजूंचे रूळ त्यांच्या टोळीकडे. दिवसभर खडी, सब्बल, ऊन. भीमजयंतीला मात्र विहारासमोर डफ घेऊन उभे राहत. गाणी स्वतःचीच. लिहिता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. गायन पार्ट्यांची तशी रीतच आहे. ती त्यांची सही.

मला ही रीत माहीत होती. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. १९७४ साली तिथल्या शाळेत शिकवत होतो. आश्रुबा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मित्र. त्यांच्या ओट्यावर बसून मी किती गाणी ऐकली असतील.

त्या वर्षी शाळेचं हस्तलिखित निघायचं होतं. मुलांनी गावातलं साहित्य गोळा करायचं. आश्रुबांची मुलगी कमल नववीत होती. तिनं बापाचं गाणं लिहून आणलं.

खडी फोडली हातानं, रूळ निजले तीवर;
गाडी गेली दूर गावा, आमी उभे बांधावर.

शेवटचं कडवं कमलसाठीच होतं.

आश्रुबा म्हणे, लेकी गं, गाडीत तू बसशील;
खिडकीतून बापाला हात तेवढा करशील.

संपादक मीच. खाली इंजिनाचं चित्र काढून झालं होतं. चार कडवी बसेनात. मी शेवटचं गाळलं आणि खाली लिहिलं, 'लोकगीत'.

"सर, बाबांचं नाव राहिलं," कमल म्हणाली.

"अगं, लोकगीत म्हटलं की मान वाढतो."

हस्तलिखित परभणीच्या प्रदर्शनात पहिलं आलं. आम्ही पेढे वाटले.

दोन महिन्यांनी टोळीतला चंद्रभान आश्रुबांना रुळावरच म्हणाला, "का हो शाहीर, पोखर्णीचा मुंजाजी तुमचं गाणं गायलाय. का तुमीच त्याचं उचललं?" सगळे हसले.

मुंजाजीचीही गायन पार्टी होती. त्यानं प्रदर्शनात गाणं उतरवून घेतलं होतं. शेवटचं कडवं नव्हतं. ते त्यानं रचलं, आपल्या नावाचं.

आश्रुबा तसेच शाळेत आले. हाताला ग्रीस होतं.

"सर, तुमी तर शिकलेले. माझं कडवं कुठं गेलं?"

"जागा नव्हती."

"इंजिन बारकं काढता आलं न्हाई?"

मी दुसऱ्या दिवशी त्या पानावर पट्टी चिकटवली. कडवं लिहिलं, नाव लिहिलं. आश्रुबांनी कमलकडून ते दोनदा वाचून घेतलं.

"हे कपाटात ऱ्हाईल," ते म्हणाले. "लोक मला चोर म्हणायलेत. जयंतीला मंडळीसमोर सांगा."

जयंतीच्या दुपारी विहारासमोर मी उभा राहिलो. गाणं कुणाचं, चूक कुणाची, सांगितलं. मुंजाजी आला होता. त्यानं हात जोडले.

"जयभीम, आश्रुबादादा. खाली लोकगीत लिवलं होतं. मला वाटलं, कुणाचंच न्हाई."

माझ्यावर कुणी रागावलं नाही. रागावायला हवं होतं.

आश्रुबांनी डफ घेतला. पहिल्या कडव्याला लोकांनी ताल धरला. दुसरं, तिसरं. मग त्यांनी डोळे मिटले.

"आश्रुबा म्हणे, लेकी गं..."

"मुंजाजी म्हणे, भावांनो..." समोरून शंभरेक आवाज एकदम उठले. दोन महिने गावोगाव तेच वाजलं होतं. सगळ्यांना पाठ होतं. मुंजाजी उठून दोन्ही हात हलवत होता, गप बसा, गप बसा. लोकांना वाटलं, तो ताल देतोय. त्यांनी कडवं पुरं केलं. टाळ्याही वाजवल्या.

आश्रुबांनी डफ पायाशी ठेवला.

"बाबा, पुन्हा म्हणा की," पुढं बसलेली कमल म्हणाली.

"तूच म्हण. तुझंच हाय ते."

कमल उठली. तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती माझ्याकडं बघत राहिली.